खाजकुहिलीचे बी आणि मनाची ओढ



हिवाळ्यात शाळेची सहल निघते. तुम्ही अमरावतीकडचे असाल तर चिखलदऱ्याला आणि अकोल्याकडचे असाल तर नरनाळ्याच्या किल्ल्यावर. दोन्ही ठिकाणे सातपुड्याच्या कुशीतली. वाटेत झुडपांवर चढलेला एखादा वेल दिसतो आणि त्यावर सोनेरी-तपकिरी, मखमली शेंगांचे घोस लोंबत असतात. शेंग पाहून ती हातात घ्यावीशी वाटते. तेवढ्यात गुरुजी ओरडतात, "अरे, हात लावू नका! खाजकुहिली आहे ती!"

वर्गात एखादा खोडकर मुलगा असतोच. तो कागदात थोडी कुस बांधून आणतो आणि मग दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावरील बिचाऱ्याची काय त्रेधा उडते, ते सांगायला नकोच. ही खाज सुटते ती शेंगेवरील बारीक केसांमुळे. त्या केसांत म्युक्युनेन नावाचे एक विकर असते आणि ते कातडीला झोंबते.

पण आज आपल्याला शेंगेच्या बाहेरच्या केसांशी काम नाही. आपण तिच्या आत डोकावणार आहोत. आत चकचकीत, काळ्या किंवा ठिपकेदार बिया असतात. वैद्य त्यांना कवचबीज म्हणतात. आयुर्वेदात या वेलीला कपिकच्छु आणि आत्मगुप्ता अशी नावे आहेत. या बियांच्या वजनात सुमारे ३ ते ६ टक्के भाग एका खास पदार्थाचा असतो. त्याचे नाव एल-डोपा. आणि याच एल-डोपापासून आपल्या मेंदूत जे रसायन तयार होते, ते म्हणजे डोपामिन.

डोपामिन हे नाव अलीकडे तुमच्या कानांवर नक्कीच आले असेल. "गोड खाल्ले की डोपामिन वाढते", "मोबाइल पाहिला की डोपामिन मिळते" असे लोक सहज बोलून जातात. त्याला 'सुखाचे रसायन' असेही म्हणतात. हे कितपत खरे आहे? चला, जरा तपासून पाहू.

मेंदूतील निरोप्या

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. या पेशी एकमेकींना अगदी चिकटलेल्या नसतात. दोन पेशींच्या टोकांमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीला दुसरीकडे निरोप धाडावयाचा असला, की ती या फटीत एका रसायनाचे कण सोडते. पलीकडच्या पेशीवर त्या कणांसाठी जणू कुलपे बसवलेली असतात. योग्य किल्ली योग्य कुलपात बसली, की निरोप पोचला! या कुलपांना शास्त्रज्ञ 'ग्राहक' म्हणतात. डोपामिन ही अशीच एक किल्ली आहे.

गंमत अशी, की डोपामिन तयार करणाऱ्या पेशी फारच थोड्या आहेत. मेंदूच्या मध्यभागी, बुडाशी, त्यांची मुख्य वस्ती असते आणि तिथे त्या जेमतेम ४ ते ६ लाख भरतात. म्हणजे दीड-दोन लाख पेशींमागे एक! पण या मूठभर पेशींचे तंतू दूरदूरपर्यंत पसरलेले असतात. तंतूंचा एक मार्ग हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागाकडे जातो. दुसरा मार्ग जातो इच्छा, सवय आणि शिकणे यांच्याशी संबंधित भागांकडे.

डोपामिनचा कच्चा माल आपल्या ताटातूनच येतो. तुरीची डाळ, शेंगदाणे, दूध यांतील प्रथिनांत टायरोसिन नावाचा घटक असतो. टायरोसिनपासून एल-डोपा आणि एल-डोपापासून डोपामिन, असा हा दोन पायऱ्यांचा कारखाना आहे. मग वाटीभर वरण जास्त प्यायले तर जास्त आनंद होईल का? नाही. कारखान्याचा वेग मेंदू स्वतःच आवरून धरतो.

मुंबईचा डॉक्टर आणि स्वीडनचे ससे

डोपामिनचे महत्त्व कळले त्याची कथा आपल्याच देशातील दुसऱ्या एका वनस्पतीपासून सुरू होते. ती म्हणजे सर्पगंधा. तिची मुळी वैद्य पूर्वीपासून वापरत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना ती देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात त्या प्रसिद्ध केल्या. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे त्यामुळे जगाला कळले. पुढे १९५७ साली डॉ. वकील यांना या कामासाठी अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिकही मिळाले.

मध्यंतरी १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रेसर्पिन हे मुख्य द्रव्य वेगळे काढले. ते जगभर वापरले जाऊ लागले आणि डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. काही रोगी मंद, निरुत्साही, उदास होत होते. असे का व्हावे?

स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन या शास्त्रज्ञाने १९५७ साली सशांवर प्रयोग केला. रेसर्पिन दिल्यावर ससे कान पाडून, मान टाकून निपचित बसले. मग कार्लसनने त्यांना डोपा टोचला. थोड्याच वेळात कान उभे राहिले आणि ससे इकडेतिकडे हिंडू लागले! रेसर्पिनने मेंदूतील साठवणीची कोठारे रिकामी केली होती आणि डोपाने त्यांतील डोपामिनचे कोठार पुन्हा भरले होते. तोपर्यंत डोपामिन म्हणजे दुसरे रसायन बनताना लागणारी मधली पायरी, एवढेच समजत. ते स्वतःच एक महत्त्वाचा निरोप्या आहे, हे आता उघड झाले. या शोधासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पहा हं, एका भारतीय वनस्पतीतील द्रव्याने कोठार रिकामे केले आणि ते भरून काढणारे द्रव्य आपल्या खाजकुहिलीच्या बीमध्येच होते! मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या दोन शास्त्रज्ञांनी १९३७ सालीच या बियांतून एल-डोपा वेगळा काढून दाखविला होता. पण त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. विज्ञानात असे पुष्कळदा होते. किल्ली आधी सापडते आणि कुलूप मागाहून.

कंपवाताचे कोडे

कुलूप सापडले ते कंपवातात. या रोगात हात थरथरतात, पाऊल उचलत नाही, चेहरा निर्विकार होतो. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टराने १८१७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सनचा रोग म्हणतात. व्हिएन्नातील संशोधकांनी १९६० साली दाखविले, की या रोग्यांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी असते. मग डोपामिनच का देऊ नये? कारण रक्तातून मेंदूत शिरताना एक चाळण असते आणि तीतून डोपामिन पार होत नाही. एल-डोपा मात्र पार होतो! १९६१ साली व्हिएन्नात तो रोग्यांना टोचून पाहिला गेला आणि १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपा तोंडाने, हळूहळू मात्रा वाढवीत दिला. खिळून बसलेली माणसे चालू लागली.

मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुहिलीच्या बियांचे चूर्णच कंपवाताच्या रोग्यांना देऊन पाहिले. रोग्यांना फायदा झाल्याचा त्यांचा निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. हे वाचून कोणी बिया आणून चावू नयेत किंवा आजोबांना परस्पर चूर्ण देऊ नये. मात्रा चुकली तर ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो, भास होतात. औषध देणे हे डॉक्टरांचे काम आहे.

कंपवाताच्या उपचारांत आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली. डोपामिनसारखे काम करणारी काही औषधे घेणाऱ्या थोड्या रोग्यांना अचानक जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागला. जन्मात पत्त्यांना हात न लावलेली माणसे पैसे उधळू लागली. औषध बदलले की नाद सुटला. याचा अर्थ काय? डोपामिनचा संबंध नुसत्या हातापायांशी नाही. तो मनाच्या ओढीशीही आहे.

गोडी वेगळी, ओढ वेगळी

कॅनडामध्ये १९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसविली. उंदराने कळ दाबली, की तारेतून अगदी सौम्य वीज जाई. काही जागी तार बसविल्यावर उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबू लागले. "सुखाचे केंद्र सापडले!" असे सर्वांना वाटले. पुढे कळले, की या वाटेवर डोपामिनचे तंतू आहेत. तेव्हापासून डोपामिनला 'सुखाचे रसायन' ही पदवी चिकटली.

पण उंदराला खरोखर सुख होत होते का? ते कसे ओळखायचे? तान्ह्या बाळाच्या जिभेला साखर लावली, तर ते ओठ चाटते आणि कडू लावले, तर तोंड वेंगाडते. उंदीरही तसेच करतात. अमेरिकेतील केंट बेरिज यांनी या खुणेचा उपयोग केला. डोपामिन जवळजवळ नाहीसे केलेल्या उंदरांच्या तोंडात त्यांनी साखरेचे पाणी सोडले. उंदरांनी पूर्वीसारखेच मिटक्या मारीत ओठ चाटले! गोडी त्यांना कळत होती. पण समोर अन्न ठेवले तर ते उठून खायला जात नव्हते. तसेच राहू दिले असते तर उपाशी मेले असते.

म्हणजे गोडी आणि ओढ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असतो. तुम्ही शाळेतून घरी येता आणि माठाकडे धाव घेता. ही धाव म्हणजे ओढ. तिच्यामागे डोपामिन असते. पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरल्यावर जे गार गार वाटते, ती गोडी. तिच्यामागे मेंदूतील अफूसदृश द्रव्यांसारखी दुसरी रसायने असतात. बहुतेक वेळा ओढ आणि गोडी हातात हात घालून चालतात, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात.

वरुडच्या संत्र्याचा हिशेब

डोपामिन आणखी एक काम करते. ते मेंदूचा हिशेबनीस आहे. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिनच्या पेशी कशा वागतात, ते १९९० नंतरच्या दशकात मोजले. पण आपण माकडाऐवजी स्वतःलाच घेऊ आणि फळांच्या रसाऐवजी वरुड-मोर्शीकडील संत्रे घेऊ.

तुम्ही संत्रे आयुष्यात प्रथमच खात आहात. काही अपेक्षा नाही. फोड तोंडात टाकली आणि गोड रस आला. पेशी झटकन जाग्या होतात. जणू त्या म्हणतात, "अरे, अपेक्षेपेक्षा चांगले! लक्षात ठेवा!" दहा-वीस वेळा असे झाले, की संत्र्याची साल सोलतानाचा वासच पुरतो. पेशी आता वास येताच जाग्या होतात आणि प्रत्यक्ष रस आल्यावर शांत राहतात. ठरल्याप्रमाणेच घडले, मग नोंद कशाची करायची? आता समजा, वास आला, फोड तोंडात टाकली आणि ती निघाली आंबट ढाण! त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही गप्प होतात. "अपेक्षेपेक्षा वाईट! पुढच्या वेळी सांभाळा!" अशी ती नोंद असते.

अपेक्षा आणि अनुभव यांतील फरक हाच डोपामिनचा निरोप. या निरोपावरून मेंदू शिकतो. गणित पहिल्यांदा सुटले, सायकल पहिल्यांदा तोल सांभाळून चालली, त्या वेळचा हर्ष आठवा. त्याच जोरावर तुम्ही पुन्हा प्रयत्न करता. निसर्गाने ही योजना किती छान केली आहे!

पानठेल्यावरची चोरी

पण या योजनेत एक पळवाट आहे. ती तुमच्या शाळेच्या वाटेवरच्या पानठेल्यावर दिसेल. तेथे तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र करून पन्नीत घोटला जातो. आपल्या विदर्भात त्याला खर्रा म्हणतात.

त्यातील चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतून चटकन रक्तात शिरते. तिथून ते मेंदूत पोचते आणि डोपामिनच्या पेशींवरील एका कुलपात जाऊन बसते. हे कुलूप मुळात दुसऱ्याच एका निरोप्यासाठी असते. निकोटिन म्हणजे बनावट किल्ली! पेशी फसते आणि डोपामिन सोडते.

आता संत्र्याचा हिशेब आठवा. संत्रे ठरल्याप्रमाणे गोड निघाले, की पेशी शांत राहत. बनावट किल्लीला मात्र अपेक्षेशी देणेघेणे नाही. ती प्रत्येक खेपेस पेशीला उठवते. त्यामुळे मेंदूच्या वहीत दर वेळी "अपेक्षेपेक्षा चांगले" अशी खोटी नोंद होते. ओढ वाढत जाते. गोडी मात्र वाढत नाही, उलट ती कमी होते, कारण मेंदू आपली घडण बदलून निकोटिनला सरावतो. मग पन्नीवर घोटण्याचा आवाज, तंबाखूचा वास, मित्राने खिशात घातलेला हात, एवढ्यानेही मन ओढ घेते. एखादा दिवस खर्रा मिळाला नाही, तर चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. तो मिळाला की 'बरे वाटते'. पण हे बरे वाटणे कसले? खर्ऱ्यानेच लावलेली आग खर्ऱ्यानेच थोडा वेळ विझवली, एवढेच!

हा सापळा तुमच्या वयात अधिक पक्का बसतो. ओढ निर्माण करणारा मेंदूचा भाग या वयात जोमात असतो, तर "थांब, विचार कर" असे सांगणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. गाडीचे इंजिन नवे आणि ब्रेक अजून बसवायचा आहे, अशी ही अवस्था. खर्ऱ्यातील सुपारीने हळूहळू गालाची आतली त्वचा दोरखंडासारखी ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. पुढे कर्करोगाचा धोका असतो, तो निराळाच. महाराष्ट्रात २०१६-१७ साली झालेल्या पाहणीत दर चार प्रौढांमागे एक जण तंबाखूच्या आहारी गेलेला आढळला आणि त्यांतले बहुतेक तो खाणारे होते, ओढणारे नव्हेत. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तो विकणे, हे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी तुमचा स्वतःचा निश्चय उभा राहिला पाहिजे.

ज्याला सवय लागली आहे, त्याला दोष देऊ नका. तो दुबळा नाही. त्याच्या मेंदूची फसवणूक झाली आहे. आणि फसलेला मेंदू पुन्हा शिकू शकतो. खर्रा सोडल्यावर ओढीची लाट येते, पण ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, मैदानाला एक फेरी मारावी. दर लाटेबरोबर ती थोडी लहान होते आणि मेंदूची घडण काही आठवड्यांत पूर्ववत होऊ लागते. मदतीसाठी सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे : १८००-११-२३५६.

मग उदासीचे काय?

तुम्ही विचाराल, "उदास वाटते तेव्हा डोपामिन कमी झालेले असते का?" उत्तर इतके सोपे नाही. मन हे एका तारेचे वाद्य नव्हे. सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन अशी अनेक रसायने, झोप, आजार, घरची काळजी, पावसाने दगा दिलेले वर्ष, या सर्वांचा मनावर परिणाम होतो. रेसर्पिनने माणसे उदास होतात, या जुन्या समजुतीबद्दलही पुढच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. एवढे मात्र खरे, की कशाचीच ओढ न वाटणे ही उदासीच्या आजाराची एक खूण आहे. घरात कोणाचे मन दोन आठवड्यांहून अधिक काळ असे विझलेले दिसले, तर "मनाला लावून घेऊ नकोस" एवढ्यावर भागवू नका. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची मानसिक आरोग्य सेवा आहे, तिथेही मराठीत बोलता येते.

करून पहा

एक साधा प्रयोग सुचवतो. वहीत तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात कामाचे नाव : मोबाइलवर खेळ, कबड्डी, गोष्टीचे पुस्तक, शेतात हुरडा खाणे, आईला मदत, काहीही. काम सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या रकान्यात ० ते १० पैकी गुण लिहा : याची किती ओढ वाटते? काम संपल्यावर तिसऱ्या रकान्यात लिहा : प्रत्यक्षात किती गोडी वाटली? आठ दिवस हे प्रामाणिकपणे करा. मग पहा, कोणत्या कामांत ओढीला ९ आणि गोडीला ४ गुण पडले, आणि कोणत्या कामांत ओढीला ३ आणि गोडीला ८. गुरुजनांनी वर्गाचे आकडे फळ्यावर मांडून त्यांचा आलेख काढावा. नावे मात्र विचारू नयेत.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचे नागार्जुन उद्यान आहे. शाळेची भेट ठरली, तर खाजकुहिली आणि सर्पगंधा यांची चौकशी जरूर करा. शेंगेला हात मात्र लावू नका!

आणि पुढच्या वेळी मन एखाद्या गोष्टीकडे धाव घेऊ लागले, की क्षणभर थांबून त्याला विचारा, "बाबा रे, ही गोडी आहे, की नुसतीच ओढ?"